थांबा, आणि त्याला बोलवा

वाचन: मार्क १०:१३-१६ आणि ४६-५२



एप्रिल उजाडला की आपल्या मंडळ्यांमध्ये सुट्टीतील बायबल शाळेची लगबग सुरू होते. बंगळूरच्या सर्जापूर रोडवर नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन जवळच्या मंडळीत येतात. कृतिगीते, पाठांतराची वचने, चित्रे, खाऊ, सगळे असते. पण त्याच सोसायट्यांतील काही मुले त्या दिवशी घरीच असतात. कोणी चाकाच्या खुर्चीवर असते, कोणाला ऐकू येत नाही, कोणी स्वमग्न असते. त्यांना कोणी "नको" म्हटलेले नसते. पण "या" असेही कोणी म्हटलेले नसते.

मार्कच्या दहाव्या अध्यायात दोन प्रसंग आहेत. आधी लोक बालकांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारतो आणि लोक त्याला गप्प बसवतात. दोन्ही वेळा अडवणारे येशूच्या मागे चालणारेच होते. कार्यक्रमात व्यत्यय नको, एवढेच कदाचित त्यांच्या मनात असेल. आपल्याही मनात तेच नसते का?

येशूने काय केले पाहा. तो थांबला. बार्तीमयाला बोलावण्याचे काम त्याने लोकांनाच सांगितले. गप्प करणारेच आता धीर देऊन बोलावू लागले! मग येशूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे? त्याचे आंधळेपण सर्वांना दिसत होते, तरी प्रभूने गृहीत धरले नाही. थांबणे, बोलावणे, विचारणे: आपल्या शाळेची तयारी याच तीन गोष्टींपासून सुरू व्हावी.

ही वाट मराठी ख्रिस्ती समाजाला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रिया व मुलींसाठी घर उघडले आणि त्याला नाव दिले बर्तीमी सदन. त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी स्वतः ब्रेल शिकून तेथील अंध मुलींना शिकवली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. "आमच्याकडे प्रशिक्षित माणसे नाहीत," असे आपण म्हणतो. मनोरमाबाई आधी शिकल्या, मग शिकवू लागल्या. आपणही शिकू शकतो.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घाला: तुमच्या मुलाला कशाने आनंद होतो आणि कशाचा त्रास होतो? उत्तर आले की आईवडिलांना फोन करा, आणि मुलाला आदल्या दिवशी रिकामा हॉल दाखवा. वर्ग वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर वर्गच खाली आणा. स्वमग्न मुलाला लाउडस्पीकरचा आवाज असह्य होऊ शकतो. आवाज कमी ठेवा आणि एक शांत कोपरा राखा. दिवसभरात काय काय होणार, ते चित्रांनी फळ्यावर लावा; त्याचा उपयोग सर्वच मुलांना होतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि गोष्ट हातवारे व चित्रांसह सांगा. ज्याला साहाय्य लागते त्याच्यासाठी एक सोबती ठरवा, पण कोणत्याही मुलाबरोबर एकटा मोठा माणूस राहू नये, दोघे असावेत. पहिल्या दिवशी आई थांबली तर चालेल. रोज तिलाच बसवून ठेवू नका. तिलाही विसावा हवा आहे, वचन ऐकायचे आहे.

आणखी एक गोष्ट जपा. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. तरी आजही कोणीतरी एखाद्या आईजवळ हाच प्रश्न कुजबुजतो, आणि ते कुटुंब मंडळीत यायचे बंद होते. मुलाला न विचारता सर्वांसमोर उभे करून त्याच्या आरोग्यासाठी प्रार्थना करू नका. त्याला आधी नावाने हाक मारा आणि खेळात घ्या. त्याच्याकडून वचन ऐका, मग ते शब्दांनी असो, खुणेने असो की चित्राने. पौल करिंथकरांना शिकवतो की शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच आवश्यक असतात. म्हणजे ही मुले केवळ आपली सेवा घ्यायला येत नाहीत. त्यांच्यावाचून आपली मंडळी अपुरी आहे.

प्रियजनहो, यंदा शाळेची जाहिरात छापण्याआधी आपल्या इमारतीतील, आपल्या गल्लीतील अशा एका मुलाचे नाव आठवा. त्याच्या घरी जा. दार वाजवा आणि "या" म्हणा.

प्रार्थना: हे प्रभू, बार्तीमयाच्या हाकेसाठी तू थांबलास. आम्हालाही थांबायला शिकव. ज्यांना आम्ही नकळत बाहेर ठेवले, त्यांना बोलावण्याचे धैर्य आणि त्यांचे ऐकण्याची नम्रता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.