साठाचा आकडा

मलकापूरहून बुलढाण्याला जाताना, राजूरचा घाट लागायच्या आधी मोताळा येतं. तिथे एक म्हातारे मिस्त्री रेडिओ, पंखे, मोटारी दुरुस्त करायचे. कापसाच्या हंगामात एक शेतकरी त्यांच्याकडे लाऊडस्पीकरचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. त्याच्या वडिलांनी साठच्या दशकात घेतलेला. पंचक्रोशीतली लग्नं, हरिनाम सप्ताह, खंजिरीवरची भजनं, सगळ्यांना या पेटीने आवाज दिला होता. आता मात्र सुरू केला की भजनाच्या आधी नुसती घूंऽऽ ऐकू यायची.

“फिल्टर कंडेन्सर सुकले,” मिस्त्री म्हणाले.

त्या नळकांड्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची आणि ओल्या कागदाची गुंडाळी असते. वर्षं सरतात तसा कागद कोरडा पडतो, साठवण घटते, आणि सेकंदाला शंभर वेळा खालीवर होणारा करंट सपाट होईनासा होतो. तीच ती घूं.

शेतकऱ्याने पिशवी पुढे केली. पुतण्याकरवी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेले चार नवे कोरे कंडेन्सर, ५०० व्होल्टचे, प्रत्येकी २२० मायक्रोफॅरडचे. जुने होते ३२ चे.

“सारेच्या सारे हेच लावा. पैशाची फिकीर नाही. बापाची वस्तू आहे, झकास झाली पाहिजे.”

मिस्त्रींनी आधी पेटी उघडली. प्लग काढला तरी आत चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, म्हणून रेझिस्टन्सचं एक टोक चिमट्याने चासिसला अडकवलं, दुसरं टोक एका हाताने कंडेन्सरला लावलं आणि दुसरा हात खिशात ठेवून मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबले. ही वाट पाहणं मला दुरुस्तीतलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. त्यात काहीच घडताना दिसत नाही, आणि माणूस जिवंत राहतो.

मग त्यांनी एका व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. आवाज मोठा करणारे ईएल ३४ पुढे दिमाखात उभे होते. हा मागचा होता, जीझेड ३४. आवाजाशी त्याचा थेट संबंध नाही. घरातल्या विजेची उलटसुलट धाव एका दिशेला वळवायची आणि पहिला कंडेन्सर भरत राहायचा, एवढंच त्याचं काम.

“याच्या पुढे ६० मायक्रोफॅरडच्या वर लावायचं नाही. कंपनीच्या तक्त्यातच आहे. पहिल्या जागी ४७ चा लावतो. चोकच्या पलीकडे तुमचा मोठा लावतो, एक. तिथे चालते.”

“पन जागा तर आहे ना पहिल्या ठिकानी?”

“जागा आहे, भाऊ. ताकद नाही.”

तीन कंडेन्सर पिशवीतून परत गेले. घूं जवळजवळ गेली. भोंग्याला कान लावला तरच जरा जाणवायची. शेतकऱ्याला तेवढीही सलत होती. मोठी वस्तू मिळत असताना लहान लावून घेणं त्याच्या मनाला पटेना. त्याने दुसऱ्या गावाहून पहिल्या जागीही २२० चा बसवून घेतला. आणि खरं सांगायला हवं, पेटी अप्रतिम वाजू लागली. कान लावला तरी निव्वळ शांतता. गावाने वाहवा केली. मागच्या व्हॉल्व्हकडे कुणी पाहिलं नाही. त्याच्याकडे कधीच कुणी पाहत नसे.

पुढे सप्ताहात एका रात्री लाईट गेली आणि लगेच आली. व्हॉल्व्ह तापलेलाच होता, कंडेन्सर मात्र रिकामा झाला होता. एवढा मोठा रिकामा कंडेन्सर पहिल्या क्षणी जेवढा मिळेल तेवढा करंट ओढतो. जीझेड ३४ च्या काचेत निळी ठिणगी पडली आणि पेटी बंद. मिस्त्रींनी फ्यूज बरोबर मापाचा घातला होता म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेतकरी मोताळ्याला हजर. सारखं घड्याळ पाहत होता. संध्याकाळी वावरात व्यापाऱ्याची गाडी यायची होती आणि अर्धा कापूस अजून झाडावर होता. वेचणीच्या बायांना तो सांगून आला होता की आज जेवायलाही बसायचं नाही.

मिस्त्रींनी जळका व्हॉल्व्ह उजेडात धरला.

“लाईटचं तर निमित्त झालं,” ते म्हणाले. “हा रोजच झिजत होता.”

“कसा काय? आवाज तर तेवढाच ठेवत होतो मी. काम वाढलं कोठून याचं?”

“काम नाही वाढलं. येळ कमी झाला. कंडेन्सर मोठा असला का तो फारसा उतरतच नाही. मंग याले भरायले जी फट भेटते, ती बारीक होते. करंट तर तेवढाच द्या लागते. मंग तो दणक्याने द्या लागते, सेकंदाले शंभर दणके.” त्यांनी व्हॉल्व्ह खाली ठेवला. “तुमच्या वावरात दिवसभराचा कापूस दोन घंट्यात वेचा म्हटलं, तर कापूस तेवढाच आहे. बाईचे हात कोठून आनाल?”

शेतकरी स्टुलावर बसला. बराच वेळ त्या निकामी व्हॉल्व्हकडे बघत राहिला. मग त्याने घरी फोन लावला.

“व्यापाऱ्याले सांग, गाडी आज नको. परवा आन म्हना... भाव पडला तर पडला. आन् वावरात जाऊन बायांना सांग, भाकरी खाऊन घ्या, उन्हाचं बसा जरा. घाई नाही.”

फोन खिशात घालून त्याने पिशवीतले दोन कंडेन्सर मिस्त्रींच्या टेबलावर ठेवले.

“हे राहू द्या तुमच्याजवळ. पहिल्या जागी तुमचा ४७ चाच लावा.”

“लावतो. पन व्हॉल्व्ह मागवा लागते. आठ-पंधरा दिवस लागतीन.”

“लागू द्या,” शेतकरी म्हणाला.