जहाजावरचा वरखर्च

क्रूझचं तिकीट बहुतेक घरांत सहा-आठ महिने आधीच काढलेलं असतं. हप्ते फिटलेले असतात, खोलीचा नंबर कळलेला असतो, आता फक्त बॅगा भरायच्या. वरखर्चाचा विषय निघालाच तर 'बघू तिथे गेल्यावर' एवढ्यावर मिटतो. मला मात्र वाटतं, या सुट्टीतला सगळ्यात जास्त विचार मागणारा पैसा हाच. तिकिटाची किंमत कंपनी ठरवते. वरखर्चाचा बराचसा भाग आपल्या हातात असतो, आणि आपण कुणाचा किती विचार करतो हे त्यातून उमटतं.

आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना ओळखीचं असलेलं उदाहरण घेऊ. मुलगा-सून अमेरिकेत आहेत, आई-बाबा उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले आहेत, नातीची शाळा संपली आहे, आणि पाचही जण सिएटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझला निघाले आहेत. वाटेत ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. तिकिटात राहणं आलं, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेचं जेवण आलं, साधा चहा-कॉफी, पाणी, रात्रीचे नाचगाण्याचे कार्यक्रम आले. खास उपाहारगृहं, मद्य आणि बाटलीबंद पेयं, वायफाय, फोटो, कपडे धुऊन घेणं, मालिश, बंदरावर उतरून करायच्या सहली आणि डॉक्टर हे सगळं त्याबाहेर.

जहाजावर रोख पैसे जवळजवळ कुठेच चालत नाहीत. खोलीचं कार्ड हेच पाकीट. ते दाखवलं की रक्कम खात्यावर चढते आणि ते खातं आपल्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं असतं. पैसे हातून जाताना दिसत नाहीत, आणि समुद्रावरच्या हवेत मनही जरा सैल झालेलं असतं. कंपन्यांच्या दृष्टीनं हे खातं किती मोठं आहे, ते त्यांच्याच वार्षिक अहवालात वाचायला मिळतं. कार्निव्हल या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ कंपनीचा २०२३ सालचा महसूल सुमारे २१.६ अब्ज डॉलर होता. त्यात तिकिटांचे सुमारे १४ अब्ज, आणि उरलेले साडेसात अब्ज जहाजावरच्या विक्रीचे व इतर. तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे जास्त. यात लबाडी नाही, व्यवसायाची मांडणीच तशी आहे. पण आपणही आपली मांडणी करूनच जहाजावर चढावं, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

ही मांडणी बहुतेक जण वस्तूंच्या नावांनी करतात: पेयं इतकी, सहली इतक्या, खरेदी इतकी. मला ती माणसांच्या नावांनी करावीशी वाटते. वहीत रकाने पाडावेत ते आईचा, बाबांचा, सुनेचा, मुलाचा, नातीचा, खोली आवरणाऱ्याचा, किनाऱ्यावरच्या लोकांचा आणि एक अडीअडचणीचा. वस्तूंची यादी केली की कात्री लागते ती ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या गोष्टीला. माणसांची यादी केली की कुणाचंही नाव सहजासहजी खोडता येत नाही.

पहिला रकाना मी खोली आवरणाऱ्याचा आणि जेवण वाढणाऱ्यांचा मांडेन. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर सेवकांसाठी दरडोई दररोज ठरावीक रक्कम खात्यावर आपोआप चढते, साधारण १६ ते २० डॉलर. पुष्कळ कंपन्या मुलांचीही तेवढीच धरतात. १८ डॉलर धरले, तर पाच माणसं आणि सात दिवस यांचे ६३० डॉलर होतात. हा आकडा पहिल्यांदा समोर आला की धक्का बसतो. काही जहाजांवर चौकशीच्या टेबलावर जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, आणि ती कशी काढून टाकावी याचे सल्ले प्रवासी एकमेकांना देतात. मला हे पटत नाही. या रकमेला वरकरणी बक्षिसीचं रूप असलं तरी त्या माणसांच्या कमाईचा तो आधार आहे. जहाजावर बहुधा बहामा, पनामा अशा देशांचा झेंडा असतो, त्यामुळे किमान वेतनाचे अमेरिकी नियम तिथे लागू होत नाहीत. २००६ साली झालेला आणि ऑगस्ट २०१३ पासून अमलात आलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. दर सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा त्यातला एक निकष. आठवड्याच्या १६८ तासांतून ते ७७ वजा करून पाहावेत. उरलेल्या ९१ तासांपर्यंत काम ताणता येतं, तेही घरापासून सहा-सहा, आठ-आठ महिने दूर राहून.

आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. गोव्यातल्या सासष्टी-बार्देशच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली. जहाज मिळेपर्यंत राहता यावं म्हणून त्या गावांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात आपापल्या खोल्या चालवल्या, त्यांना 'कूड' म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत समुद्रावर अडकलेले भारतीय खलाशी 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझवरून मुंबईत उतरले, तेव्हा गोव्यातली कितीतरी घरं त्या बातमीकडे डोळे लावून होती. आज बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर हिशोब रुपयांत होतो, पण खोली आवरणाऱ्या हातांची गोष्ट तीच. म्हणून हे पैसे उरलेसुरले म्हणून शेवटी द्यायचे नाहीत. ते शक्यतो तिकिटाबरोबरच आगाऊ भरून टाकावेत, म्हणजे पुढे त्याकडे हात जात नाही.

मग आई-बाबांचे रकाने. याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण अशा सहलींत सगळ्यात जास्त मन मारतात ते हेच दोघं. आई समोरच्या प्रत्येक किमतीचा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करते आणि 'तुम्ही घ्या, मला नको' म्हणते. काय तिकिटात आहे आणि काय नाही, हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून फुकट मिळणारा चहासुद्धा ती विचारून घेते. बाबा आयुष्यभर हॉटेलचं बिल स्वतःकडे ओढत आलेले. इथे त्यांनी घेतलेली प्रत्येक गोष्ट मुलाच्या खात्यावर चढते. त्यांची अडचण ऐपतीची नसते, विचारून खर्च करावा लागण्याची असते. मुलगा मोठ्या मनानं 'काहीही घ्या हो' म्हणतो, पण त्या 'काहीही'ला आकडा नसतो, आणि आकडा नसला की संकोची माणूस तो शून्यच धरतो.

यावर सोपा उपाय आहे. प्रवासाआधी दोघांना वेगवेगळी ठरावीक रक्कम द्यावी आणि तिचा हिशोब पुन्हा कधीही विचारू नये. बहुतेक जहाजांवर कुणाच्या कार्डाचा खर्च कुठल्या खात्यावर जाईल हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि क्रेडिट कार्डाऐवजी रोख रक्कम आगाऊ जमा करण्याची सोयही असते. चढल्या दिवशीच आईच्या कार्डावर तिचे पैसे जमा करून टाकावेत. दोनशे डॉलर असतील किंवा पन्नास, ते तिचे. मग ती कदाचित महागातली कॉफी घेईल, कदाचित नातीबरोबर फोटो काढून घेईल, कदाचित सगळे जपून ठेवील. ते तिनं ठरवायचं. आणि बाबांनी पुण्याहून निघताना स्वतःचे डॉलर आणले असतील, तर ते 'ठेवा तुमच्याजवळच' म्हणून परत करू नयेत. एका रात्री खास उपाहारगृहातलं सगळ्यांचं जेवण त्यांना घालू द्यावं. भारतातलं क्रेडिट कार्ड वापरणार असतील, तर परकीय चलनातल्या खर्चावर साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, हे आधी सांगून ठेवावं. किनाऱ्यावरच्या दुकानात यंत्रानं रुपये की डॉलर असं विचारलं, तर डॉलरच निवडावेत. रुपये निवडले की तिथला वाईट विनिमय दर माथी येतो.

मुलगा-सुनेचे रकाने त्यांचे त्यांनी भरावेत. एक मात्र सांगायला हवं. पेयांचा पूर्ण प्रवासाचा पास अनेक कंपन्या एका खोलीतल्या एकाच प्रौढाला विकत नाहीत. एकानं घेतला तर दुसऱ्यालाही घ्यावा लागतो. दोघांतलं एकच जण मद्य घेत असेल, तर पेला-पेलाचे पैसे देणं बहुधा स्वस्त पडतं. त्यावर चढणारा १८-२० टक्के सेवाआकारही धरावा. फोन बंदर सोडताना विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा, कारण जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कवर एखादा कॉलही फार महाग पडतो. नातीच्या कार्डावर मर्यादा घालून मिळते. ती तिला सांगून घालावी. व्हिडिओ गेमच्या खोलीत उरलेल्या पैशांत किती वेळ खेळता येईल, हा विचार आठ-नऊ वर्षांचं मूल फार छान करतं.

किनाऱ्याच्या रकान्यात मला केवळ सहलीची किंमत लिहायची नाही. ज्यूनोची वस्ती जेमतेम ३२ हजार, आणि एका हंगामात तिथे सोळा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरतात. एवढ्या गर्दीचं ओझं ते गाव उचलतं, तर आपल्या पैशांतला काही भाग त्या गावात राहावा असं मला मनापासून वाटतं. जहाजावर 'आमची शिफारस' म्हणून ज्या दागिन्यांच्या दुकानांची नावं सांगितली जातात, ती पुष्कळदा जाहिरातीचे पैसे देऊन त्या यादीत आलेली असतात, आणि त्यांतली कित्येक हंगाम संपला की कुलूप लावून निघून जातात. केचिकनमध्ये, ज्यूनोमध्ये स्थानिक मालकीची पाटी लावलेली दुकानं वेगळी दिसतात. मूळ रहिवाशांच्या हस्तकलेवर चंदेरी हाताचं चिन्ह असलं, तर ती अलास्काच्या आदिवासी कलाकारानंच केली आहे, असं ते राज्य सरकारचं प्रमाण. ती वस्तू महाग असते, म्हणून पाच स्वस्त चुंबकांऐवजी तीच एक घ्यावी. देवमासे पाहायच्या बोटीला माणशी दीडशे डॉलरच्या पुढे पडतात आणि ते मोजावेत. आई-बाबांच्या आयुष्यात तो दिवस पुन्हा येईल असं नाही. मेंडेनहॉल हिमनदीला मात्र शहराच्या साध्या बसनं दोन डॉलरांत जवळपास पोचता येतं. पुढे दीडेक मैल चालावं लागतं. बाबांचे गुडघे दुखत असतील, तर तिथे पैसे वाचवू नयेत, सरळ गाडी करावी. हा निर्णय वस्तूंच्या यादीवरून होत नाही. बाबांचं नाव डोळ्यांसमोर असलं की लगेच होतो.

अडीअडचणीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण नुसत्या तपासणीचेही शंभर डॉलरच्या वर होऊ शकतात, आणि गंभीर आजारात हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर न्यावं लागलं तर तो खर्च घर हलवणारा असतो. आई-बाबांच्या विम्यात क्रूझचा आणि अशा स्थलांतराचा समावेश आहे का, हे निघण्याआधी वाचून पाहावं. व्हिक्टोरियाच्या थांब्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसाही लागतो. त्याची फी आणि बोटांच्या ठशांची फी मिळून माणशी १८५ कॅनेडियन डॉलर होतात. आपण स्वतः ठरवलेल्या सहलीवरून परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बहुधा थांबतं. तेव्हा वृद्ध माणसं बरोबर असताना लांबच्या ठिकाणासाठी कंपनीची महाग सहल घेणं मला योग्य वाटतं. खात्याला डेबिट कार्ड जोडू नये. कंपनी आगाऊ अडवून ठेवते ती रक्कम मोकळी व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि गरजेच्या वेळी स्वतःचेच पैसे हाताशी नसतात.

हे रकाने भरायची बैठक निघण्याच्या महिनाभर आधी व्हावी, कारण वायफाय आणि सहली घरून घेतल्या तर पुष्कळदा स्वस्त मिळतात. ती मुलाच्या लॅपटॉपवर न होता जेवणाच्या टेबलावर व्हावी, आई-बाबा आणि नात समोर असताना. वही आईकडे द्यावी. कमी पैशांत सगळ्यांचं पुरवायचं कसं, हे त्या टेबलाभोवती तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पहिल्या संध्याकाळी खोली आवरणारा दारात येऊन आपलं नाव सांगेल, जेवण वाढणारेही सांगतील. ती नावं तिनं पहिल्या रकान्यात लिहून घ्यावीत, आणि नातीनं दुसऱ्या दिवशी त्यांना त्या नावांनीच हाक मारावी.