अधिकार प्रोग्रॅमचा, नेमक्या कामापुरता

लिनक्सवरची ‘पिंग’ ही आज्ञा एवढेच विचारते की पलीकडचा संगणक जागा आहे का. पण त्यासाठी नेटवर्कवर कच्चे पॅकेट सोडावे लागे आणि तो हक्क रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा. म्हणून पिंगच्या फाइलवर वर्षानुवर्षे सेटयूआयडीची खूण असे: चालवणारा कोणीही असो, प्रोग्रॅम रूट म्हणून चाले. डेनिस रिची यांच्या या कल्पनेला १९७९ मध्ये पेटंट मिळाले. कल्पना बुद्धिमान होती, पण एका कामासाठी कुलमुखत्यारपत्र लिहून देण्यासारखी.

त्यातला धोका जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दिसला. पीकेएक्झेक या सेटयूआयडी प्रोग्रॅममध्ये २००९ पासून दडलेली चूक उघड झाली. साध्या खात्यातून थेट रूट होता येत होते. पीकेएक्झेकचे कामच दुसऱ्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवण्याचे, त्याला मोठा अधिकार लागणारच. पिंगला तो कशाला?

रूटच्या सत्तेचे तुकडे लिनक्सने १९९९ मध्येच केले होते. २००८ च्या २.६.२४ आवृत्तीपासून ते फाइलला जोडता येऊ लागले. ‘सेटकॅप’ या आज्ञेने पिंगला फक्त ‘कॅप_नेट_रॉ’ दिले की भागते. १०२४ च्या खालचा पोर्ट हवा असलेल्या वेबसर्व्हरला ‘कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस’ पुरते. मला यात मोलाचे वाटते ते हे की, प्रोग्रॅमला नेमके काय हवे याचे उत्तर अधिकार देणाऱ्याला आधी शोधावे लागते.

मात्र प्रत्येक तुकडा लहान नसतो. ‘कॅप_सेटयूआयडी’ मिळालेला प्रोग्रॅम स्वतःच रूट होऊ शकतो. ‘कॅप_सिस_अ‍ॅडमिन’मध्ये तर इतकी कामे कोंबली आहेत की जाणकार त्याला नवा रूट म्हणतात. स्क्रिप्टच्या फाइलला दिलेला अधिकार लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मानत नाही, म्हणून काहीजण तो पायथॉनच्या इंटरप्रिटरलाच देऊन टाकतात. मग त्यावर चालणाऱ्या कोणाच्याही स्क्रिप्टला तो आपोआप मिळतो. हे सेटयूआयडीपेक्षा वाईट, कारण ते सहज दिसत नाही: ‘एलएस -एल’च्या यादीतल्या परवानग्यांत त्याचे अक्षरही उमटत नाही, मुद्दाम ‘गेटकॅप -आर /’ चालवावे लागते.

फाइलमध्ये काही लिहिले गेले की कर्नल तिला जोडलेला अधिकार काढून घेतो. अपडेटने नवी फाइल आली, तरी जुना अधिकार तिच्याकडे आपोआप येत नाही. प्रशासक यावर वैतागतात. मला कर्नलचे पटते; अधिकार त्या मजकुराला दिला होता, फाइलच्या नावाला नव्हे. म्हणूनच प्रत्येक अपडेटनंतर डोळे मिटून सेटकॅप चालवणारी स्क्रिप्ट मला मंजूर नाही. नव्या आवृत्तीला तो अधिकार अजून लागतो का, हे कोणीतरी पाहिले पाहिजे.