आपली ओंजळ



"आता झेपत नाही," असे म्हणणे आपल्याला कमीपणाचे वाटते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मात्र ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, तेच साऱ्या जगापुढे सांगितले आणि पद सोडले. त्यांच्या आधीचे पोप जॉन पॉल दुसरे आजारपण सोसत २००५ साली मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले होते. मग दोघांपैकी कोणाचे योग्य? आम्हांला वाटते, दोघांचेही. दोघांनीही आपली दुर्बलता लपवली नाही. पद सोडल्यावर बेनेडिक्ट जवळजवळ दहा वर्षे व्हॅटिकनमधील एका मठात प्रार्थनेत राहिले.

आपण मात्र प्रत्येकाला 'हो' म्हणतो, प्रत्येक समितीवर राहतो आणि घरच्या म्हाताऱ्या आईजवळ बसायला आपल्याला वेळ उरत नाही. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. सभा चुकत नाहीत, आजाऱ्याची भेट मात्र राहून जाते. देवाने दिलेली ओंजळ एवढीच आहे. तिच्यात काय धरायचे हे आपण ठरवले नाही, तर ते दुसरेच कोणी ठरवते.

या आठवड्यात एक काम खाली ठेवू या आणि एका माणसाजवळ बसू या.