क्षणाची चूक आणि वर्षभराची बेफिकिरी

जालना जिल्ह्यातील वाचकांना रस्त्यावरील मृत्यूंविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गावर कडवंची शिवारात इंधन भरून उलट दिशेने निघालेली मोटार समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच महिन्यात राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांचे वाहन विहिरीत कोसळले. अशी वार्ता कानी पडली की आपण 'इन्ना लिल्लाहि' म्हणतो आणि ते म्हणणे योग्यच आहे. परंतु मय्यत उठल्यानंतर, चाळिसावा दिवसही सरल्यानंतर, त्या घरात एक प्रश्न मागे उरतो. मुलांचे काय? त्याविषयी आपण मशिदीत फारसे बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, पण अंबड, बदनापूर किंवा भोकरदनच्या वाचकाला ते अनोळखीही वाटणार नाही. मोसंबी भरून बाजाराकडे निघालेला एक छोटा टेम्पो पहाटेच्या अंधारात सायकलवरून कामावर जाणाऱ्या मजुराला धडकतो. चालक दारू प्यालेला नाही, शर्यत लावीत नाही. क्षणभर डोळा लागला इतकेच. मजूर जागीच गतप्राण होतो. टेम्पोचा विमा आठ महिन्यांपूर्वी संपलेला आहे. मालक नमाजी आहे, रमजानचे रोजे ठेवतो. संध्याकाळी मोहल्ल्यातील चार प्रतिष्ठित माणसे मृताच्या घरी जातात आणि विधवेला समजावतात, "ताई, मर्जी अल्लाहची. त्याने मुद्दाम थोडेच केले? क्षमा करणाऱ्याला मोठे पुण्य आहे. हे पन्नास हजार ठेवून घ्या."

या संभाषणातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. एकत्र केली की ती अन्यायाची साधने होतात.

'मर्जी अल्लाहची' हे वाक्य प्रथम पाहू. प्रत्येक घटना अल्लाहच्या ज्ञानात व निर्णयात आहे, यावर आपला ईमान आहे. परंतु हेच वाक्य मृताच्या नातलगाने उच्चारले तर तो सब्र आहे आणि धडक देणाऱ्याने उच्चारले तर ती पळवाट आहे. पवित्र कुरआनने अनवधानाने झालेल्या मृत्यूला तकदीर म्हणून मोकळे सोडलेले नाही. सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत त्याची दोन ऋणे सांगितली आहेत. एक अल्लाहचे : गुलामाची मुक्तता, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. दुसरे मृताच्या वारसांचे : दियत, म्हणजे जीवाची भरपाई. विशेष असे की, ज्या लोकांशी तुमचा करार आहे त्यांच्यापैकी कोणी मृत्यू पावला तरीही दियत व प्रायश्चित्त दोन्ही तेथे सांगितलेले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मतानुसार मुस्लिमेतर करारबद्ध नागरिकाची दियत मुस्लिमाइतकीच आहे. तेव्हा तो सायकलस्वार कोणत्या धर्माचा होता, याने टेम्पोमालकाचे ओझे रतीभरही हलके होत नाही.

दियत किती? हदीसमध्ये शंभर उंट सांगितले आहेत. हनफी फिक्हमध्ये चांदीच्या हिशेबाने दहा हजार दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६१८ किलो चांदी. सराफ्यातला आजचा भाव विचारून वाचकाने स्वतःच गुणाकार करून पाहावा आणि मग ते पन्नास हजार आठवावेत.

आता क्षमेविषयी. दियत सोडून देणे हे सदका आहे, असे तीच आयत सांगते. पण सदका करण्याचा अधिकार ज्याचे धन आहे त्याचा. दियत ही मृताच्या मालमत्तेप्रमाणे वारसांत विभागली जाते. विधवेचा वाटा तिने सोडला तर तो तिचा मोठेपणा. परंतु सहा वर्षांच्या मुलाचा आणि तीन वर्षांच्या मुलीचा वाटा तिला सोडता येत नाही, त्या चार प्रतिष्ठितांना तर मुळीच नाही. अनाथाचे धन गिळणाऱ्यांविषयी याच सूरहच्या आरंभी किती कठोर शब्द आले आहेत, हे आपण जाणतो. तरीही बैठकीत बसून अनाथांचे धन परस्पर माफ करून टाकणाऱ्याला आपण 'समेट घडविणारा' म्हणतो.

तिसरे वाक्य, 'मुद्दाम केले नाही', हे सर्वांत अवघड आहे. धडक ही निःसंशय खता होती, चूक होती. पण विमा नसणे ही खता होती काय? डोळा लागला तो एक क्षण. विमा नव्हता ते आठ महिने. त्या आठ महिन्यांत मालकाने रोज सकाळी चावी फिरविली तेव्हा त्याला ठाऊक होते की, उद्या आपल्या हातून कोणाचा संसार मोडला तर तो सावरण्यास आपल्यापाशी काही नाही. मृत्यू त्याच्या संकल्पाने झाला नाही. मृताच्या मुलांची निराधारता मात्र बऱ्याच अंशी त्याच्या जाणत्या बेफिकिरीतून आली. फिक्हच्या ग्रंथांत हा भेद या शब्दांत मिळणार नाही, कारण त्या काळी मोटारी नव्हत्या. तथापि इजा करू नये आणि इजेस कारणही होऊ नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण या ठिकाणी पुरेशी स्पष्ट आहे, असे मला वाटते.

यावर काही बांधव म्हणतील, विमा तर नाजायज आहे. हा आक्षेप प्रामाणिक असेल तेथे त्याचा आदर केला पाहिजे. १९८५ मध्ये जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विम्यास अवैध ठरवून परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्यास मान्यता दिली. पण त्याचबरोबर, कायद्याने सक्ती केलेला तिसऱ्या पक्षाचा विमा अपरिहार्यता म्हणून काढण्याची मुभा आपल्या देशातील अनेक उलेमांनी दिलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि तो वाहनाच्या मालकासाठी नसून रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. ज्यांचे मन तरीही मानत नाही त्यांनी आपल्या मुफ्तींना विचारावे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विमा नाजायज मानल्याने दियत माफ होत नाही. (व्याजी कर्जावर टेम्पो घेताना न आठवलेला फतवा विम्याच्या नूतनीकरणाच्या दिवशीच कसा आठवतो, हेही ज्याने त्याने स्वतःला विचारावे.) आणि परवडत नाही म्हणावे, तर केंद्राने २०२२ मध्ये ठरविलेल्या दरानुसार सर्वसाधारण मोटारसायकलचा तिसऱ्या पक्षाचा विमा वर्षाला ७१४ रुपये होता; म्हणजे दिवसाला दोन रुपयांहूनही कमी. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण मुलांना देतो ना?

शरीअतने हे ओझे एकट्यावर टाकलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. हुजैल कबिल्यातील एका स्त्रीने दुसरीला दगड मारला आणि ती स्त्री व तिच्या पोटातील जीव दोन्ही दगावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्त्रीची दियत मारणारीच्या 'आकिला'वर, म्हणजे तिच्या कुळातील आप्तांवर ठेवली. मदीनेच्या करारातही प्रत्येक कबिल्याने आपली दियत मिळून द्यावी, असे होते. ह. उमर (रजि.) यांच्या काळात लष्करी नोंदवहीतील सहकारी एकमेकांचे आकिला झाले. भरणा तीन वर्षांत विभागून होई. कुळ गेले, कबिला गेला. परंतु विमा नसलेल्या गरीब चालकाच्या मागे उभी राहणारी व्यवस्था उभारणे जालन्यासारख्या शहरातील जमातींना, बैतुलमालला अशक्य आहे काय? कर्जाच्या बोज्याखाली दबलेला माणूस जकातच्या आठ हकदारांपैकी एक आहेच. माझे मत विचाराल तर आधी विधवेकडे पाहावे आणि मालकाने टेम्पो, जागा, दागिना जे विकता येते ते विकल्यानंतरच त्याच्याकडे वळावे. समाजाने ओझे वाटून घ्यावे, लपवून ठेवू नये. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याचा भार आकिला उचलीत नाही, असे फुकहांनी म्हटले आहेच. परवाना असलेल्या पुतण्याला चालक म्हणून पोलिसांसमोर उभे करणे, वाहन जुन्या तारखेने मेहुण्याला विकल्याचे कागद करणे, ही खता नव्हे. ती खोटी साक्ष आहे.

मृताच्या कुटुंबानेही आपला हक्क जाणून घ्यावा. नुकसानभरपाई मागणे हे तकदीरविरुद्ध बंड नव्हे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि कुटुंब जालन्यात राहत असेल तर अपघात परजिल्ह्यात झाला तरी जालन्यातच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून समेटाच्या बैठकांत वर्ष घालवू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. विमा नसेल तेथे ते वाहनमालकाने द्यावयाचे असतात. वाहन विकले पण नोंदणी बदलली नाही, तर नोंदणीतील मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. त्याच वर्षी विमा नसलेले अपघातग्रस्त वाहन पुरेशा तारणाविना सोडू नये आणि ते विकून आलेली रक्कम न्यायाधिकरणात जमा व्हावी, असे नियम करण्यास त्या न्यायालयाने राज्यांना सांगितले. म्हणून वाहन ठाण्यातून सुटण्याआधीच वकिलाला भेटावे.

आणि तो टेम्पोमालक? त्याची दोन ऋणे कोणत्याही निकालाने आपोआप फिटत नाहीत. न्यायाधिकरणाची रक्कम दियतमध्ये कितपत धरावी, हे त्याने मुफ्तींकडून समजून घ्यावे. पण डोळा ज्याचा लागला, मग तो मालक असो वा नोकर, सलग साठ दिवसांचे रोजे त्याच्यापुढे आहेत. ते दुसऱ्या कोणी ठेवता येत नाहीत आणि समेटाच्या बैठकीत माफही होत नाहीत. मुफलिस कोण, हे प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले होते आणि नमाज, रोजे, जकात घेऊन येणारा पण लोकांचे हक्क बुडवून आलेला माणूस दाखविला होता. तिन्ही गोष्टी त्या मालकापाशी आहेत. शुक्रवारी तो पहिल्या सफमध्ये उभा असतो, आणि त्याच गल्लीच्या टोकाला त्या मजुराचा मुलगा शाळा सोडून चहाच्या टपरीवर ग्लास धूत असतो.