पायरीच्या आधीची वाट

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर दवाखान्यासमोर, जिल्हा न्यायालयाची जुनी इमारत आहे. न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलात गेलं आणि इथली वर्दळ ओसरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून ती परतली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आता इथे बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, अशा सहा जिल्ह्यांचं काम या जुन्या भिंतींआड चालतं.

हा सगळा परिसर संस्थानकाळाची आठवण देणारा. जवळच मेजर चार्ल्स मँटने उभारलेला टाऊन हॉल आहे, टोकदार कमानींचा. नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. या वास्तू बघायला लोक मुद्दाम येतात. कोर्टाची इमारत बघायला कुणी येत नाही. माणूस तिथे पोटात गोळा घेऊन येतो. म्हणून तिचं मोजमाप कमानींवरून करणं मला पटत नाही. चंदगडच्या शेतकऱ्याला तिच्या दारापर्यंत यायला किती वेळ आणि किती पैसा लागतो, हे मी आधी बघेन.

संस्थानाला स्वतःचं हायकोर्ट होतं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि हायकोर्टात दाद मागायची तर मुंबई गाठणं आलं. मग काय, संध्याकाळी पिशवीत सातबारा, निकालाची नक्कल आणि भाकरी घ्यायची, महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत स्टेशनवरच तोंड धुऊन फोर्टात चालत जायचं. दिवस संपेपर्यंत प्रकरण निघायचंच नाही. पुढची तारीख घेऊन परत रात्रीची गाडी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याची जमीन गेली, ज्याचा पोरगा तुरुंगात आहे, त्याने काय करावं? त्याला ती पायरी चढावीच लागते. आणि आपल्याकडे तर पायरीच्या आधीच पावणेचारशे किलोमीटर होते.

हे अंतर कमी व्हावं म्हणून वकिलांनी आणि लोकांनी चार दशकं मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकले. त्यांच्या चिकाटीला मी मनापासून नमस्कार करतो. ही मागणी या शहराच्या स्वभावातलीच होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना शाहू महाराजांनी इथेच वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याला आवाराबाहेर उभं केलं जायचं, तो काळा कोट घालून आत बोलू लागला. कोर्टाच्या वास्तूत याहून मोठा बदल कुठल्या गवंड्याला जमला असता?

आता शेंडा पार्कात कायमच्या इमारतीसाठी जागा दिली आहे. तिचा आराखडा होताना एक मागणं आहे. कोर्टात न्यायाधीशांचा चौथरा ठरलेला, साक्षीदाराचा पिंजरा ठरलेला, वकिलांची टेबलं ठरलेली. पक्षकार मात्र दिवसभर भिंतीला टेकून पुकाऱ्याकडे कान लावून उभा. नव्या इमारतीत आधी त्याची जागा आखा: सावली, बाक, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, आणि आपलं प्रकरण कधी निघणार हे मराठीत सांगणारा फलक. घुमट नंतर बांधा.