चेहऱ्याचा सातबारा



फोटोला मालक असतो. जमिनीसारखाच तो विकता येतो, खंडाने देता येतो, बापाच्या माघारी पोरांच्या नावावर होतो. हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिलंय. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा आहे, म्हणून मी रात्रपाळी उतरल्यावर डिक्शनरी घेऊन तो कायदा वाचला. कलम १७ चार-पाचदा वाचलं. फोटो ज्याने काढला तो मालक. पैसे देऊन काढून घेतला असेल तर पैसे देणारा मालक. नोकरीत काढला असेल तर बहुतेक वेळा नोकरी देणारा, सरकारी काम असेल तर सरकार. (म्हणजे लग्नात आपण पैसे मोजले असतील तर नवरीचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावणाऱ्या स्टुडिओवाल्याला जाब विचारता येतो. किती जणांना ठाऊक आहे?)

ज्याचा चेहरा फोटोत आहे तो माणूस या कलमात शोधून सापडत नाही. कायद्याने त्याला गावकुसाबाहेर ठेवलाय.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड टेंभलीच्या एका बाईला दिलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, फोटो देशभर छापून आला. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोला कुणीतरी मालक आहे. पुन्हा छापायचा तर परवाना त्याने द्यायचा, दर त्याने ठरवायचा. बाई त्या व्यवहारात कुठंच नाही. पुढं पत्रकार तिच्या दारी परत परत गेले, कार्ड हातात घेतलेले आणखी फोटो निघाले, आणि ती अजून मजुरीच करते हेही त्यांनीच छापलं. दर फोटोमागे तिला पैसे द्या असं माझं म्हणणं नाही. तिला एखाद्या दिवशी 'आता बस' म्हणावंसं वाटलं तर ते कुणाला सांगायचं, एवढंच मी विचारतोय.

काठीच्या राजवाडी होळीला अक्कलकुव्याच्या वाटेने किती कॅमेरे जातात! मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचणारा माणूस सकाळी घरी जातो आणि त्याचा चेहरा बाजारात जातो. फोटो विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा नियम असा की बातमीसाठी फोटो द्यायचा तर फोटोतल्या माणसाची सही लागत नाही, जाहिरातीसाठी लागते. त्या कागदाला 'मॉडेल रिलीज' म्हणतात. कागद बहुतेक इंग्रजीत असतो. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या आदिवासींच्या जमिनींसाठीच.

मलाही हा अनुभव आहे. एका गिरणीच्या रंगीत माहितीपत्रकात मी साच्यावर उभा आहे, हसतोय. त्या महिन्याचा पगार थकला होता.

आता काढणाराही कामगारच असतो, हे विसरून चालणार नाही. आपली पोरं पेपरला फोटो देतात, खाली नावसुद्धा येत नाही. त्यांना सांगा: पेपरच्या नोकरीत असलात आणि वेगळा करार नसला तर मालकाचा हक्क पेपरात, मासिकात छापण्यापुरताच आहे. बाकी सगळे हक्क तुमचे. नोकरीत नसलात आणि कुणाच्या पैशावर काढला नसलात तर सगळाच तुमचा. 'एकदा छापायला दिला' आणि 'विकला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकणं लेखी आणि सहीनिशीच होतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरतं. २०१२ पर्यंत फोटोचा हक्क छापल्यापासून ६० वर्षं होता. आता लेखकासारखाच, हयातभर आणि पुढं ६० वर्षं. हे हक्क भांडून घ्या.

पण आपण स्वतः काय करतो? कुठं अत्याचार झाला की आपण पोचतो, रडणाऱ्या बाईचा फोटो काढतो, ती डोळे पुसायच्या आत तो गावोगाव फिरतो. आपला हेतू चांगला असतो. कार्यकर्त्याला हे बोललं की राग येतो. तो म्हणतो, खैरलांजीचे फोटो फिरले नसते तर काय झालं असतं? खरंय. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. (चार वर्षांनी टेंभलीत समारंभ झाला तीही हीच तारीख.) ते मृतदेह लोकांनी पाहिले म्हणून महाराष्ट्र रस्त्यावर आला. तरी मला सुचतं ते १९५५ सालचं. अमेरिकेत मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी ठार केलं. त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. 'जेट' या काळ्यांच्या साप्ताहिकाने तो चेहरा छापला. दाखवायचं हे त्या माऊलीने ठरवलं होतं. खैरलांजीत मागं राहिलेल्या भैयालालला फोटो फिरवण्याआधी आपल्यातल्या किती जणांनी विचारलं होतं?

मग लाठी उगारणाऱ्या पोलिसालाही विचारायचं का? नाही. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारी माणसाला त्याच्या सरकारी कामापुरता खाजगीपणाचा आडोसा नाही. त्याच निकालात असंही आहे की माणसाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीवाचून जाहिरातीत वापरणं हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांच्या घटनेतून एवढी वाट निघालीय. पण धडगावच्या माणसाने ती वाट चालायची म्हणजे मुंबई-औरंगाबादचं कोर्ट, वकील, बुडालेली मजुरी.

तोवर आपल्यापुरता नियम आपणच करू. विचारायचं ते त्याच्या बोलीत, भिलोरीत, पावरीत, अहिराणीत. फोटो कुठं जाणार, कोण बघणार, ते सांगायचं. गावात तिला पुन्हा त्याच लोकांच्या विहिरीवर जायचंय, हे ध्यानात ठेवायचं. उद्या नको म्हणाली तर काढून टाकायचा.

पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी एक फोटो आलाय. जळालेल्या झोपडीपुढं उभी बाई. फोटो जबरदस्त आहे, काढणाऱ्याने लेखी परवानगीही दिलीय. बाईला अजून कुणी विचारलेलं नाही. रविवारी सुट्टी आहे, मी तिच्या पाड्यावर जाऊन येतो. अंक आठ दिवस उशिरा निघेल.